होल्स्टरचं बटण आणि हत्यारावरचे चरे

वाचकांचे प्रश्न, कारागिराची उत्तरं

कमरपट्ट्याच्या बकलांवर मागे लिहिलं होतं, त्यात होल्स्टरविषयी, म्हणजे पिस्तूल कमरेला बाळगायच्या चामड्याच्या म्यानाविषयी, चार ओळी होत्या. त्या चार ओळींवर आलेल्या पत्रांचा सूर एकच आहे : चामडं चांगलं, शिवण चांगली, तरी हत्याराला चरे का पडतात? म्हणून या खेपेची सगळी जागा त्या प्रश्नाला दिली आहे. आमच्या घरात आधी घोड्याचं सामान शिवलं जायचं, पुढं पट्टे आणि होल्स्टर आले. मी कोल्हापुरात सुभाषनगरात तेच काम करतो.

प्रश्न : माझ्याकडं परवान्याचं कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे. ओळखीच्या कारागिराकडून होल्स्टर शिवून घेतलं. काम नेटकं आहे, पण थोड्याच दिवसांत सिलिंडरवर पिवळसर रेघा उमटल्या आणि चौकटीवर, म्हणजे हत्याराच्या सांगाड्यावर, दोन खोल चरे पडले. कारागीर म्हणतो, चामड्यानं कधी लोखंड खरवडत नाही, तुमच्या हत्याराचं पॉलिशच हलकं आहे. दोष नेमका कुणाचा, आणि आता काय करू?
– बागायतदार, फलटण तालुका

उत्तर : सगळ्यात आधी हत्यार मोकळं करा. तुमचं रिव्हॉल्व्हर जुन्या वेब्लीच्या वळणाचं, वरून मोडून उघडणारं आहे. कळ दाबून नळी खाली केली की सहाही घरं एका नजरेत दिसतात. रिकामी दिसली तरी प्रत्येक घरावर बोट फिरवा, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा आणि मगच होल्स्टर हातात घ्या. या सदरात जे जे करून बघायला सांगितलं आहे, ते सगळं रिकाम्या हत्यारावरच करायचं.

आता खुणा. तुम्ही दोन खुणा सांगितल्यात आणि त्या एका जातीच्या नाहीत. पिवळी रेघ हा बहुतेक वेळा चरा नसतोच. पितळ बंदुकीच्या पोलादापेक्षा मऊ. दोन्ही घासले की पितळच झिजतं आणि त्याचा लेप पोलादावर बसतो. त्या रेघेवरून नख आडवं फिरवून बघा. नख अडकलं नाही, तर ते वर बसलेलं पितळ आहे. सुती फडक्यावर बंदुकीचं तेल घेऊन सावकाश चोळलं की बरंचसं उतरतं. घाई करून चिंच, लिंबू किंवा पितळेच्या भांड्यांची पावडर अजिबात लावू नका. आंबट पदार्थ पितळाबरोबर हत्याराची निळाईही खाऊन टाकतो आणि खाली पांढरं पोलाद उघडं पडतं.

ही निळाई किती नाजूक असते ते सांगतो. ती रंगासारखी वरून फासलेली नसते. पोलादाच्याच पृष्ठभागावर मुद्दाम आणलेला लोखंडाच्या ऑक्साइडचा तो थर, जाडी एक-दोन मायक्रॉनच्या हिशोबातली. माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉन भरतो. एवढा पातळ थर रोज एकाच जागी टेकणाऱ्या टणक टोकापुढं टिकणार नाही, मग हत्यार कितीही नामांकित कारखान्याचं असो. त्यामुळं हत्यारावर दोष टाकणं मला पटत नाही.

खऱ्या चऱ्याची कारणं सहसा दोन. एक, बटण किंवा रिव्हेट लोखंडी असणं. बाजारात टिचबटणं दोन प्रकारची मिळतात, पितळेवर निकेल चढवलेली आणि लोखंडी पत्र्यावर निकेल चढवलेली. चकाकी दोन्हींची सारखीच. लोहचुंबक लावून बघा. खटकन चिकटलं तर आत लोखंड आहे. पितळेच्या बटणाला निकेलमुळं फार तर हलकीशी ओढ जाणवते. आणखी एक खूण चामड्यावरच वाचता येते. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं आपल्याकडचं कातडं ओलं झालं आणि त्यात लोखंड असलं, की भोवती निळसर-काळं कडं उमटतं. हिरडा आणि लोखंड यांपासून पूर्वी शाई करायचे, तीच ही क्रिया. होल्स्टरच्या आत बटणाभोवती असं काळं कडं दिसलं तर चुंबक शोधायचीही गरज नाही.

दुसरं कारण माती. तुम्ही शेतात वावरता. मातीतला वाळूचा कण पोलादापेक्षा टणक असतो. तो चामड्याच्या आतल्या बाजूला रुतून बसला की प्रत्येक वेळी हत्यार आत-बाहेर करताना रेघ ओढतो. कारागीर म्हणतो तसं चामडं खरवडत नाही हे खरं, पण चामड्यात रुतलेली वाळू खरवडते. वाळूचे चरे बारीक, पुष्कळ आणि हत्यार ओढण्याच्या दिशेला समांतर असतात. धातूचा चरा एकटा आणि खोल असतो, नेहमी एकाच जागी. तुमचे दोनच चरे आहेत आणि तेही खोल, म्हणून माझा संशय लोखंडी बटणावर जातो.

संशयावर काम करू नका, तपासा. कारखान्यातले फिटर दोन पृष्ठभाग कुठं टेकतात हे बघायला ब्लू, म्हणजे खूण उठवणारा निळा रंग, लावतात. घरात काजळ चालतं. होल्स्टरच्या आत धातूचं जे जे टोक बोटाला लागतं, त्यावर काजळाचा टिपका द्या. मग होल्स्टर पट्ट्यात ओवून कमरेला बांधा, रिकामं रिव्हॉल्व्हर सावकाश आत घाला, खुर्चीत बसा, उठा, बाहेर काढा. कमरेला बांधूनच बघा असं मी आग्रहानं सांगतो. टेबलावर ठेवलेल्या होल्स्टरमध्ये रिव्हेट हत्यारापासून दूर राहते. पट्टा आवळला की चामडं अंगाकडं ओढलं जातं, आणि जीपमध्ये किंवा ट्रॅक्टरवर बसलं की मागची बाजू आत दाबली जाऊन तीच रिव्हेट थेट चौकटीवर टेकते. अनेक कारागीर टेबलावर तपासून माल देतात, ही चूक तिथंच निसटते. हत्यारावर जिथं काळा ठिपका उमटेल, तिथं त्याच्यासमोरचा धातू झाकायचा किंवा काढायचा. नंतर काजळ तेलाच्या फडक्यानं लगेच पुसा.

झाकायचं असेल तर पाऊण ते एक मिलिमीटर जाडीचं झाडपाल्यात कमावलेलं कातडं घ्या. धातूच्या सगळ्या बाजूंनी बोटाच्या पेराएवढं जास्त येईल असा लांबट गोल कापा, कोपरे ठेवू नका. कोपरा आधी उचकटतो. त्याच्या कडा रापीनं (चामडं तासायच्या सुरीनं) शून्यावर आणा, म्हणजे हात फिरवला तर कुठं सुरू झाला ते कळता कामा नये. होल्स्टरची आतली बाजू तेवढ्या भागात पॉलिश पेपरनं खरखरीत करा, दोन्हीकडं चपलेला वापरतात ते सोल्युशन पातळ लावा, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्या, मग चिकटवा आणि चमच्याच्या पाठीनं मधून कडेकडं घोटत न्या. गुळगुळीत बाजू वर ठेवायची, हत्याराकडं.

होल्स्टर आधीच घट्ट असेल तर मात्र ठिगळ लावू नका. तिथं दाब वाढतो आणि ठिगळच झिजून जातं. अशा वेळी रिव्हेट बाहेरच्या बाजूनं ड्रिलनं काढून टाका आणि त्या जागी मेण लावलेल्या दोऱ्यानं दुहेरी सुईची चौकोनी शिवण घाला. आतल्या बाजूला दोऱ्यासाठी बारीक खाच काढा म्हणजे दोरा वर उभा राहणार नाही. कारागीर ओळखीचा आहे, त्याच्याकडूनच हे करून घ्या. बटण कुठं ठोकायचं हा निर्णय त्याचा होता, तेव्हा दुरुस्तीही त्यानंच करून द्यायला हवी.

प्रश्न : काका, मी नोकरी सांभाळून चामड्याचं काम शिकते आहे. बाबा लष्करातून निवृत्त झालेत, त्यांच्या परवान्याच्या .३२ पिस्तुलासाठी होल्स्टर करायचं आहे. वरून बंद करणारा टिचबटणाचा पट्टा हवाच असं ते म्हणतात. बटणाची मागची बाजू आत येते, तिचं काय करू? अस्तर लावलं की काम भागेल का?
– पुणे

उत्तर : नुसत्या अस्तरानं भागणार नाही. अस्तर हे शेवटचं संरक्षण आहे. खरं काम तुला पुठ्ठ्यावर करायचंय, चामड्याला हात लावायच्या आधी.

पुठ्ठ्यावर पिस्तुलाची बाह्यरेषा काढ, तिच्याबाहेर चामड्याच्या जाडीचा विचार करून शिवणीची रेघ काढ. आता माझ्याकडं शिकायला येणाऱ्या मुलांना मी जे सांगतो ते तुलाही सांगतो : शिवणीच्या आतला भाग हत्याराचा, तिथं आपलं काहीही ठोकायचं नाही. शिवणीच्या बाहेर दोन्ही बाजूंना पंख ठेव. पट्ट्याच्या चिरा त्या पंखांवर, आणि वरच्या बंदाचं, म्हणजे बाबांना हव्या असलेल्या पट्ट्याचं, बटणही शक्यतो पंखावर आण. बंद मागच्या पाळीतून (होल्स्टरच्या मागच्या बाजूच्या चामड्यातून) वर येऊ दे, पिस्तुलाच्या पाठीवरून फिरू दे आणि पुढच्या पाळीवर अशा जागी संपू दे, जिथं तिच्यामागं पिस्तूल नाही. एवढं साधलं की निम्म्याहून जास्त प्रश्न कागदावरच मिटतो.

प्रत्येक पिस्तुलाला हे जमत नाही. पाळी अरुंद पडते, बटण आत येतं. मग हे बटण कसं बनलंय ते हातात घेऊन बघ. त्याचे चार भाग : वरची टोपी, तिच्याखालची वाटी, खालचा खुंटा आणि त्या खुंट्याला मागून धरणारी नळी. टोपी आणि वाटी बंदावर जातात, खुंटा आणि नळी होल्स्टरच्या अंगावर. नळीचं चपटं डोकं आतल्या बाजूला राहतं आणि तिचं दुसरं तोंड खुंट्यात फुलवलं जातं. म्हणजे आत येतं ते सपाट डोकं. पण ते चामड्याच्या वर उभं असतं आणि त्याची कड हेच टोक. ठोकताना नळी जराशी तिरकी बसली तर एका बाजूची कड आणखी वर येते. म्हणून तिरकं बसलेलं बटण तसंच राहू देऊ नकोस, काढून दुसरं लाव.

आता क्रम. बाहेरचं चामडं तीन-साडेतीन मिलिमीटरचं घे. भोक पाडलंस की आतल्या बाजूनं त्याभोवती नळीच्या डोक्याच्या मापाचा गोल खड्डा कर, एक मिलिमीटर खोल. गोल पटाशीनं कडेकडेनं कोरत जा आणि मध्ये मध्ये डोकं ठेवून बघत जा. बोट फिरवल्यावर डोकं चामड्याच्या किंचित खालीच लागलं पाहिजे. फार खोल गेलीस तर उरलेलं चामडं बटणाच्या ओढीनं फाटेल, त्यामुळं एका मिलिमीटरवर थांब. बटण ठोकून झालं की मग वरून अस्तर चिकटव, एक ते सव्वा मिलिमीटरचं, आणि शिव. बटण आधी, अस्तर नंतर. उलट क्रमानं काम केलंस तर बटण अस्तरालाही भोसकून आत येतं आणि अस्तराचा काहीच उपयोग उरत नाही. हे उलटं काम बाजारात भरपूर दिसतं, कारण तसं करायला वेळ कमी लागतो.

खड्डा न करता नुसतं अस्तर ओढून का चालत नाही, तेही समजून घे. अस्तर त्या डोक्यावर ताणलं जातं, तिथं उंचवटा येतो आणि पिस्तूल रोज त्याच उंचवट्यावर घासतं. अस्तर सगळीकडं शाबूत असतं, पण डोक्याच्या कडेवर चंद्रकोरीसारखं फाटतं आणि धातू बाहेर डोकावतो. दुरुस्तीला आलेल्या होल्स्टरमध्ये मला सगळ्यात जास्त दिसतो तो हाच दोष.

रिव्हेट घालावीच लागली तर तिचं सपाट डोकं आत आणि ठोकून फुलवलेलं टोक बाहेर. तांब्याच्या रिव्हेटचं टोक ठोकल्यावर कितीही घासलं तरी कुठंतरी कोर राहतेच. पोकळ रिव्हेटचं फुलवलेलं तोंड तर पाकळ्यांसारखं चिरतं आणि प्रत्येक पाकळीला धार असते. तरी माझं मत विचारशील तर होल्स्टरमध्ये रिव्हेट नकोच. पट्ट्याच्या लूपला जो ताण येतो तो चांगली शिवण सहज पेलते.

एक गोष्ट कारागीरही विसरतात. बंद उघडल्यावर त्याच्या आतल्या अंगाची वाटी पिस्तुलाकडं तोंड करून लोंबते. पिस्तूल परत आत घालताना ते त्या वाटीवर घासत जातं, आणि त्या वाटीवर काही चिकटवता येत नाही, कारण तिथंच खुंटा बसायचा असतो. उपाय असा की बंद दोन पदरी कर आणि दोन पदरांमध्ये ताठ प्लास्टिकची किंवा टणक कातड्याची पट्टी शिव. ओलं असताना तो बाहेरच्या बाजूला वाकवून वाळव, म्हणजे उघडला की आपोआप बाहेर झुकून उभा राहतो. मग तो पिस्तुलाच्या वाटेत येत नाही आणि बाबांना एका हातानं पिस्तूल परत ठेवता येतं.

ही ताठ बाजू फक्त चऱ्यांसाठी नाही. होल्स्टरचं तोंड किंवा बंद लुळा असला तर पिस्तूल आत जाताना चामड्याची घडी ट्रिगर-गार्डमध्ये (ट्रिगरभोवतीच्या कड्यात) शिरू शकते आणि ट्रिगर दाबला जाऊ शकतो. त्यापुढं चरा काहीच नाही. तोंडाला आणखी एक पदर लावून ते ताठ ठेव, आणि ट्रिगर-गार्ड पूर्ण झाकला जाईल असाच पुठ्ठा काप.

ओल्या चामड्याला आकार देताना खरं पिस्तूल वापरू नकोस. ओलं, आंबटसर कातडं पोलादावर दाबून ठेवलं की गंज धरायला वेळ लागत नाही. बाबांना शेजारी बसवून मापं घे आणि सागाचा लाकडी साचा करून घे. वाळवायचं सावलीत, पंख्याखाली. पूर्ण वाळायच्या आधी पिस्तूल आत घालून बघायचा मोह होईल, तो आवर.

प्रश्न : चरे नकोत म्हणून आतून मखमल किंवा फेल्ट लावलं तर? दागिन्यांच्या डब्यात असतं तसं.
– निवृत्त पोलीस हवालदार, कुडाळ

उत्तर : नको. मखमल आणि फेल्ट हाताला मऊ लागतात, पण धूळ धरून ठेवतात आणि ती झटकून जात नाही. तुम्ही कुडाळला आहात, जूनपासून चार महिने हवाच ओली. फेल्ट पाणी शोषून हत्याराला लावून ठेवेल आणि चऱ्याऐवजी गंजाचे ठिपके मिळतील. मऊ सोललेल्या सुएडचंही तेच. अस्तराला गुळगुळीत बाजू आत ठेवलेलं पातळ कातडंच घ्या, आणि ते झाडपाल्यात कमावलेलं असू द्या. पावसाळ्यात हत्यार रात्री होल्स्टरमध्ये ठेवू नका, चांगल्यातल्या चांगल्या होल्स्टरमध्येही नाही. तेलाचा हात देऊन वेगळं, कुलपात ठेवा. होल्स्टर मोकळ्या हवेला टांगा.

बटणावर नखांचं पॉलिश किंवा इन्सुलेशन टेप लावण्याबद्दलही तुम्ही विचारलंय. आठवडाभराची सोय म्हणून ठीक. पॉलिशचे टवके उडतात आणि टेपचा डिंक उन्हाळ्यात वितळून हत्यारावर येतो.

प्रश्न : मी मूळचा सांगलीचा, आता टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो. इथल्या एका कारागिराकडून ‘१९११’ नावाच्या मॉडेलच्या .४५ पिस्तुलासाठी हातानं शिवलेलं होल्स्टर घेतलं. त्यात घट्टपणा कमी-जास्त करायचा स्क्रू आहे. पिस्तुलाच्या डाव्या बाजूला चौकटीवर कमानीसारखा एक चरा पडलाय आणि स्लाइडवर (वरच्या सरकत्या भागावर) एक सरळ रेघ. दोन्ही होल्स्टरमुळंच ना?

उत्तर : सरळ रेघ होल्स्टरची असू शकेल. कमानीसारखा चरा नक्की कुठं आहे ते बघा. डाव्या बाजूला, स्लाइड-स्टॉपच्या (स्लाइड मागं अडवून धरणाऱ्या कळीच्या) खाली, त्याच्याच मापाच्या कमानीत असेल, तर तो होल्स्टरनं पडलेला नाही. हे पिस्तूल साफ करून परत जोडताना स्लाइड-स्टॉपचा दांडा भोकात घालून वर फिरवावा लागतो. तो चौकटीला चिकटवून फिरवला की त्याचं टोक अशी कमान ओढतं. १९११ बाळगणाऱ्यांत हा चरा सर्वांच्या परिचयाचा आहे. पुढच्या वेळी जोडताना तो भाग खालून सरळ आत ढकला, किंवा चौकटीवर कागदी टेपचा तुकडा लावून मग जोडा. कारागिराला पत्र लिहिण्याआधी एवढं तपासा, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल.

सरळ रेघेसाठी तो स्क्रू बघा. हा दोन भागांचा स्क्रू असतो, एका बाजूनं पोकळ खांब आणि दुसऱ्या बाजूनं स्क्रू, मध्ये रबराचा वायसर. त्याची योग्य जागा ट्रिगर-गार्डच्या पुढं, नळीच्या खाली, जिथं दोन पदरांमध्ये पिस्तूल येतच नाही. तिथं असेल तर तो निर्दोष आहे. पण हे स्क्रू वापरता वापरता ढिले होतात आणि खांबाचं डोकं एका बाजूला कलतं. ढिला झाला असेल तर आटे धरून ठेवणारा द्रव एक थेंब घालून आवळा. तेवढ्यानं रेघ थांबली नाही, तर वरच्या बंदातली पत्र्याची ताठ पट्टी शिवणीतून बाहेर डोकावतेय का ते बोटानं चाचपा.

तुम्ही राहता त्या भागाला होल्स्टरची मोठी परंपरा आहे, म्हणून सुचवतो. मेक्सिकन लूप नावाचा जुना प्रकार बघून ठेवा. १८७० च्या दशकापासून गुराख्यांच्या कमरेला तो दिसतो. मागं चामड्याची रुंद झूल, तिला आडव्या चिरा, आणि खिसा त्या चिरांतून ओवलेला. खिसा जागेवर राहायला ना बटण लागतं ना रिव्हेट. पुढं १९२० च्या दशकात एल पासोला मायरेस यांच्या खोगिरांच्या दुकानात टॉम थ्रीपर्सन्स या पोलीस अधिकाऱ्यासाठी अगदी सुटसुटीत होल्स्टर तयार झालं, त्याचा घाट आजही चालतो. त्या मूळ घाटात ट्रिगर उघडा राहतो, तेवढं मात्र उचलू नका. बाकी दोन्हींतून शिकण्यासारखं हे की पिस्तूल धरून ठेवायचं काम चामड्याचा आकार करतो. पुढचं होल्स्टर करून घ्याल तेव्हा कारागिराला हे दाखवा.

तुमचं पिस्तूल निकेलचं असेल आणि त्यावर पितळेची रेघ आली, तर अमोनिया असलेलं साफसफाईचं औषध लावू नका. निकेलखाली पुष्कळदा तांब्याचा थर असतो आणि अमोनिया त्याला खातो.

प्रश्न : गिऱ्हाईक म्हणतं, हत्यार चार दिवस तुमच्याकडंच ठेवा आणि अगदी मापात शिवा, म्हणजे कुठं घासणार नाही. ठेवून घ्यावं का?
– चर्मकारागीर, सोलापूर

उत्तर : नाही, भाऊ, एक रात्रसुद्धा नाही. परवाना त्यांच्या नावावर आहे, तुमच्या नाही, आणि शस्त्र कायद्यात विनापरवाना हत्यार ताब्यात असणं हा गंभीर गुन्हा आहे. गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असलं तरी त्याला समोर बसवा, हत्यार त्यानंच रिकामं करून दाखवावं, तुम्ही कागदावर बाह्यरेषा आणि कॅलिपरनं जाडी घ्या. सिलिंडरची जाडी, ट्रिगर-गार्डची खोली, पुढच्या माशीची (नेम धरायच्या नळीवरच्या उंचवट्याची) उंची, ही तीन मापं चुकली नाहीत तर लाकडी साच्यावर काम अचूक होतं. पुढच्या माशीसाठी आत सरळ नाली सोडा. ती सोडली नाही तर माशी अस्तर कुरतडते आणि तो चामड्याचा भुसा आतच राहतो. घालून बघायला गिऱ्हाइकाला परत बोलवा आणि काजळाची तपासणी त्याच्या हातानं, त्याच्या कमरेवर करा. त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की नंतरची तक्रारही येत नाही.

प्रश्न : दसऱ्याला शस्त्रपूजा होल्स्टरसकट करतो. निवडणुकीत हत्यार जमा करावं लागतं तेव्हाही होल्स्टरमध्येच घालून देतो, म्हणजे तिथं इतर हत्यारांवर आपटून चरे पडत नाहीत. बरोबर आहे ना?
– जुन्नर

उत्तर : पूजा जरूर करा, पण हत्यार आणि होल्स्टर पाटावर वेगवेगळे मांडा. हळदकुंकवाची पूड होल्स्टरच्या तोंडातून आत जाते, शिवणीच्या कोपऱ्यात बसते आणि पुढं वर्षभर घासत राहते. त्यात पाण्याचे शिंतोडे पडले तर गंजाचीही सोय झाली. गंध-फूल होल्स्टरला वाहा, हत्याराला वाहिलं तर त्याच दिवशी संध्याकाळी पुसून तेलाचा हात द्या. आत पूड गेली असेल तर होल्स्टर तोंड खाली करून ठोका, कोरड्या ब्रशनं कोपरे झाडा. पाण्यानं धुवू नका.

जमा करताना मात्र तुमची काळजी बरोबर असली तरी उपाय उलटा पडतो. हत्यार तिथं आठवडेच्या आठवडे पडून राहतं आणि चामडं हवेतला दमटपणा ओढून त्याला लावत राहतं. परत मिळतं तेव्हा जिथं जिथं चामडं टेकलं होतं तिथं तांबूस डाग असतात, आणि बटणाच्या समोर तर ठळक. जमा करायच्या आदल्या दिवशी हत्यार मोकळं करून साफ करा, नेहमीपेक्षा जास्त तेल द्या, तेलात भिजवलेल्या सुती फडक्यात गुंडाळा आणि वरून जाड कापडाची पिशवी शिवून घ्या. पिशवीला बटण किंवा चेन नको, नाडी लावा. पावतीवर हत्याराचा नंबर बरोबर लिहिलाय का ते तिथंच वाचा, आणि होल्स्टर घरी घेऊन या.